बिदागी मांडवात, नाव मोबाइलवर

2024 साली जगभरातल्या ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल 29.6 अब्ज डॉलरवर गेली आणि त्यातला 69 टक्के वाटा एकट्या स्ट्रीमिंगचा होता. इंटरनेटने संगीताचा धंदा बुडवला, ही विलापिका दशकभर गाणाऱ्यांना हा आकडा गप्प करतो. पण हा आकडा कंपन्यांच्या तिजोरीचा आहे, वादकाच्या खिशाचा नाही. दोन्हींतले अंतर मोजायचे तर मुंबईतल्या स्टुडिओपेक्षा वाशिमसारखा जिल्हा बरा. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला, सहा तालुक्यांचा, 2011 च्या जनगणनेत बारा लाखांच्या आत लोकसंख्या असलेला आणि शंभरातले ब्याऐंशी लोक खेड्यात राहणारा हा जिल्हा. इथे रेकॉर्ड कंपनी नाही, चित्रपटाचे पार्श्वसंगीत नाही, तिकीट लावून मैफल ऐकणारा मोठा वर्गही नाही. तरी इथे संगीतावर पोट भरणारी किंवा निदान अर्धे पोट भरणारी माणसे पुष्कळ आहेत: बँडवाले, डफडेवाले, गोंधळी, भीमगीतांच्या गायन पार्ट्या, सप्ताहातले मृदंगाचार्य, खंजिरीवर भजन करणारे, बंजारा तांड्यांवर लेंगी ही होळीची गाणी गाणारे. मोबाइलने या माणसांच्या कमाईचा उगम बदललेला नाही, हे या प्रकरणाचे म्हणणे आहे. पैसा आजही बोलावण्यातूनच येतो, ऐकण्यातून जवळजवळ येत नाही. बदलले ते एवढेच, की बोलावणे कोणाला जाईल हे आता पडद्यावर ठरते. आणि ऐकण्यातून जो थोडा पैसा निर्माण होतो, तो गाणाऱ्याकडे न जाता ज्याच्या नावावर मुद्रण आहे त्याच्याकडे जातो.

आधी बोलावण्याचा हिशेब पाहू. वाशिमच्या वादकाचे वर्ष पंचांगाने आणि सोयाबीनने बांधलेले असते. तुळशीचे लग्न लागले की लगीनसराई उघडते, ती उन्हाळा संपेपर्यंत चालते. मधे 15 फेब्रुवारीला सेवालाल महाराज जयंती, होळीला लेंगी, रामनवमीला पोहरादेवीची यात्रा, 14 एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती, गावोगावचे हरिनाम सप्ताह. पुढे आषाढीच्या आधी शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी शिरपूर, रिसोडवरून जाते. त्यानंतर पेरणी, आणि पावसाळ्यात हात रिकामे. सुपारी ठरते ती यजमानाच्या हातात सोयाबीनचा किती पैसा आला त्यावर. 2024-25 साठी सोयाबीनचा हमीभाव 4,892 रुपये क्विंटल होता. त्या हंगामात बाजार समित्यांत भाव त्याच्या बराच खाली राहिला. अशा वर्षी लग्न रद्द होत नाही, पण बँडमधली माणसे कमी सांगितली जातात, गायन पार्टीऐवजी साउंड सिस्टीम लावून भागवले जाते. म्हणजे रिसोडच्या क्लॅरिनेटवाल्याची मिळकत कोणत्याही संगीत ॲपपेक्षा मोंढ्यातल्या लिलावावर जास्त अवलंबून आहे. संगीताच्या अर्थशास्त्रावरच्या पुस्तकांत हा धागा सहसा येत नाही. ती पुस्तके ज्या शहरांत लिहिली जातात तिथे श्रोत्याचा पगार महिन्याच्या एक तारखेला येतो, म्हणून असेल.

आता ऐकण्याचा हिशेब. स्ट्रीमिंग सेवा एका वेळच्या ऐकण्याला ठरावीक दर देते, असा समज आहे. तो चूक आहे. जाहिराती आणि वर्गणीतून जमलेल्या रकमेतला हक्कदारांचा भाग एकत्र केला जातो आणि त्या महिन्यात एकूण जितके ऐकले गेले त्यात तुमच्या गाण्याचे प्रमाण जितके, तितका तुकडा तुमच्या बाजूला पडतो. मानोऱ्यातल्या एखाद्या तरुणाने पैसे भरून महिनाभर फक्त लेंगी ऐकली, तरी त्याची वर्गणी थेट लेंगी गाणाऱ्याकडे जात नाही. ती सगळ्या देशाच्या गंगाजळीत मिसळते आणि तिथे हिंदी चित्रपटगीतांचे प्रमाण अवाढव्य असते. ज्याचे पैसे त्याने ऐकलेल्या गायकालाच जावेत, ही पद्धत साउंडक्लाउड या स्ट्रीमिंग सेवेने 2021 मध्ये छोट्या कलाकारांसाठी सुरू केली. मोठ्या सेवांनी ती स्वीकारलेली नाही. त्यात गंगाजळीच उथळ. स्पॉटिफाय फेब्रुवारी 2019 मध्ये भारतात आले तेव्हा वर्गणी महिना 119 रुपये होती, अमेरिकेत त्याच वेळी दहा डॉलर. शिवाय आपल्याकडे वर्गणी न भरता जाहिरातींसह ऐकणारेच बहुसंख्य. 2024 पासून तर स्पॉटिफायने उंबरठाच बांधला: मागच्या बारा महिन्यांत एखादे गाणे हजार वेळा ऐकले गेले नसेल, तर त्याच्या मुद्रणाचा मोबदला शून्य. मोठ्या गायकाला ही अट दिसतही नाही. गावातल्या भजनी मंडळाच्या बारा ध्वनिमुद्रणांपैकी बाराही तिच्यात अडकू शकतात.

यूट्यूबचे गणित थोडे उदार आहे, पण फार नाही. जाहिरातीचा वाटा मिळवायला आधी हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तासांचे पाहणे, किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सना एक कोटी व्ह्यूज लागतात. ते जमले की लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले 55 टक्के चॅनेलला मिळतात. समजा, नुसता अंदाज यावा म्हणून, एका हजार व्ह्यूजमागे चॅनेलच्या हाती वीस रुपये पडले. लाख व्ह्यूज झालेल्या गाण्याचे झाले दोन हजार. त्यातून गायक, ढोलकीवाला, बँजोवाला, कोरसच्या दोघी आणि चित्रीकरण करणारा यांची वाटणी केली तर प्रत्येकी साडेतीनशेही येत नाहीत, आणि लाख व्ह्यूज ही काही रोज घडणारी गोष्ट नाही. एका दिवसाच्या शेतमजुरीशी स्पर्धा करणारी ही रक्कम आहे. तिच्यावर संसार उभा राहील असे सांगणारे बहुधा गाणे विकत नसतात, यूट्यूबर कसे व्हावे याचा कोर्स विकत असतात.

यावर हरकत येते ती उदाहरणांची: मोबाइलनेच तर कितीतरी जण उभे राहिले! ते खरे आहे, फक्त ते कशावर उभे आहेत हे बघितले पाहिजे. कडुबाई खरात दारोदार एकतारीवर भीमगीते गात. त्यांचे व्हिडिओ हातोहात पसरले आणि महाराष्ट्रभर त्यांच्या कार्यक्रमांना गर्दी होऊ लागली. गौतमी पाटील यांच्या नाचाच्या क्लिपा आधी फोनवर फिरल्या आणि मग गावोगावच्या जत्रांत त्यांच्या तारखांसाठी ओढाताण सुरू झाली. दोन्ही ठिकाणी पडद्याने प्रसिद्धी दिली आणि पैसा उभा राहिला तो व्यासपीठावर, सुपारी घेऊन. पूर्वी बँडच्या नावाची पाटी गावच्या चौकात लागे किंवा आदल्या वर्षीच्या लग्नातली वाहवा तोंडोतोंडी पसरे. ते काम आता व्हॉट्सॲपवरचा दीड मिनिटाचा व्हिडिओ करतो. फायदा मोठा आहे. पण जाहिरात आणि मजुरी यांत गल्लत केली की वादकाचा सगळा वेळ व्ह्यूज मोजण्यात जातो आणि तारखांची वही कोरी राहते.

या फायद्याचे सर्वांत ठळक रूप याच जिल्ह्यात दिसते. मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे सेवालाल महाराजांचे समाधिस्थान, बंजारा समाजाची काशी. इथल्या रामनवमीला यवतमाळ-नांदेडपासून तेलंगणा-कर्नाटकातल्या तांड्यांपर्यंतची माणसे येतात. बंजाऱ्यांच्या गोरबोलीला स्वतःची लिपी नाही, जनगणनेत तिची नोंद ‘लंबाडी’ या नावाने हिंदीच्या पोटात केली जाते, आणि 2011 मध्ये तशी नोंद करणारे 32 लाखांहून अधिक होते. बंजारा महाराष्ट्रात विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतात. लिपी, राज्य, सरकारी यादी या साऱ्यांनी तुकडे केलेल्या श्रोत्यांसाठी कोणतीही कॅसेट कंपनी फारशी धावली नाही, कारण दुकानात कॅसेट ठेवायची तर ती कोणत्या भाषेच्या कप्प्यात, इथूनच अडचण. मोबाइलला कप्पा लागत नाही. एका तांड्यावर गायलेली लेंगी होळीच्या आधी कलबुर्गीच्या तांड्यावर ऐकली जाते, आणि तिकडून कार्यक्रमाचे बोलावणे येऊ शकते. भाषेला लिपी नसणे इथे अडचणही ठरते: तेच गाणे शोधताना कोणी देवनागरीत लिहितो, कोणी तेलुगूत, कोणी कन्नडमध्ये, कोणी रोमनमध्ये, त्यामुळे एका गायकाचे श्रोते चार ठिकाणी विखुरतात आणि ज्याने चारही लिपींत शीर्षक टाकले त्याचा व्हिडिओ वर येतो. तो व्हिडिओ टाकणारा मूळ गायक असेलच असे नाही.

इथे प्रश्नाचे मर्म येते. ध्वनिमुद्रणाचा मालक कोण? 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे उत्तर सरळ आहे: निर्माता. म्हणजे मुद्रण करण्यात ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. गायिकेने गळा दिला, ढोलकीवाल्याने हात दिला, पण माईक, खोली, कॅमेरा आणि अपलोड ज्याचा, त्याच्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क, तोही साठ वर्षे. कॅसेटच्या काळातही हेच होते. 1983 मध्ये सुरू झालेल्या टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी स्वस्त कॅसेटी खेड्यापाड्यांत नेल्या, लोकगायकांना पहिल्यांदा बाजार दिला, पण पद्धत एकरकमी होती: पैसे घ्या, सही करा, निघा. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा समान वाटा असा पक्का केला की तो त्यांना स्वतःला विकूनही टाकता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. व्यावसायिक वापर होत असेल तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही मोबदल्याचा हक्क मिळाला. गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेची वसुली 2022-23 मध्ये 500 कोटींच्या वर गेली. वाशिमच्या गीतकारासाठी हे पैसे काल्पनिक नाहीत, फक्त ते मागायला त्याचे नाव सभासदांत आणि गाणे नोंदीत असावे लागते. भीमजयंतीला नवे गाणे लिहिणारा, चाल लावणारा, आणि ते मित्राच्या चॅनेलवर ‘प्रेमाने’ देऊन टाकणारा माणूस यातले काहीच करत नाही. शॉर्ट्समध्ये एखादे गाणे वापरले गेले की त्या व्हिडिओच्या उत्पन्नातला अर्धा भाग गाण्याच्या हक्कदारासाठी वेगळा काढला जातो; हक्कदार म्हणून नोंद कोणाची आहे, हे यंत्र विचारते, गळा कोणाचा हे विचारत नाही.

इथे एक वजनदार आक्षेप आहे. लोकगीत, अभंग, ओवी यांवर नाव कोणाचे लावायचे? ती तर सगळ्यांची. या संपत्तीला कुंपण घालण्याची भाषा करणे म्हणजे विहिरीला कुलूप लावण्यासारखे नाही का? विहीर मोकळी राहावी हे मान्यच. तुकोबांचा अभंग कोणीही गावा. कायद्यानेही तो मुक्त आहे. पण मुक्त असतो तो अभंग, त्याचे मुद्रण नव्हे. मोठ्या कंपनीकडे त्या अभंगाचे जुने मुद्रण असेल आणि गावातल्या गायकाने परंपरेने आलेली तीच चाल तशाच वाद्यांवर गायली, तर यूट्यूबची 2007 पासून चालत आलेली कंटेंट आयडी यंत्रणा त्याच्या व्हिडिओवर दावा ठोकू शकते आणि जाहिरातीचे पैसे तिकडे वळवू शकते. त्याविरुद्ध हरकत घेता येते, पण ती घेण्याइतकी माहिती आणि उसंत कोणाला असते? म्हणजे कुंपण पडलेच आहे, ते गावाबाहेरच्यांनी घातले आहे. आणि सगळीच गाणी अनामिक नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज 1968 मध्ये गेले. त्यांच्या रचनांवरचा हक्क कायद्याने 2028 अखेरपर्यंत आहे. भीमगीतकार वामनदादा कर्डक 2004 मध्ये गेले. त्यांच्या हजारो गीतांवरचा हक्क 2064 अखेरपर्यंत आहे. वऱ्हाडातल्या प्रत्येक जयंतीच्या मंचावर वामनदादांचे शब्द असतात. गाणाऱ्यांवर त्यासाठी खटले भरावेत असे कोणी शहाणा म्हणणार नाही, पण त्याच गाण्यांच्या व्हिडिओंवर जाहिराती चालत असतील तर गीतकाराचे नाव वर्णनात तरी असावे, एवढी अपेक्षाही अनेक चॅनेलांवर पुरी होत नाही.

कीर्तनाची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. कीर्तनाचा मोबदला घेऊ नये असे तुकोबांनी बजावलेले, आणि तरी आज नामवंत कीर्तनकाराची तारीख बिदागी ठरवूनच मिळते. त्यावर टीका करणाऱ्यांनी एक बघावे की सप्ताहात कीर्तनकाराच्या मागे उभे राहणारे गायनाचार्य, मृदंगवादक यांचे घर त्याच बिदागीतून चालते. आता त्यात तिसरा माणूस आला आहे, मंडपात ट्रायपॉड लावणारा. इंदुरीकर महाराजांनी आपल्या कीर्तनांच्या क्लिपांवर यूट्यूबवाले कमाई करतात अशी जाहीर तक्रार केली आहे. त्यांच्या बोलण्याची पद्धत अनेकदा वादात सापडली, तो विषय वेगळा. तक्रारीतला मुद्दा खरा आहे. वऱ्हाडीत प्रबोधन करणारे अकोटकडचे सप्तखंजेरीवादक सत्यपाल महाराज यांचे कार्यक्रमही असेच असंख्य चॅनेलांवर सापडतात. प्रसिद्ध माणसाला त्यातून निदान पुढच्या तारखा मिळतात. मृदंगवादकाला त्याही मिळत नाहीत, कारण व्हिडिओच्या शीर्षकात त्याचे नाव नसते आणि कॅमेरा क्वचितच त्याच्याकडे वळतो.

लग्नाच्या मांडवात मात्र कायद्याने वेगळाच निवाडा केला आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये धार्मिक समारंभात वाजवलेल्या संगीताला सूट आहे आणि वरात व लग्नाशी निगडित समारंभ त्यातच धरले आहेत. 24 जुलै 2023 रोजी केंद्राच्या उद्योग विभागाने जाहीर सूचना काढून वसुली करणाऱ्या संस्थांना याची आठवण दिली. गोवा सरकारने जानेवारी 2024 मध्ये याच आशयाचे परिपत्रक काढले, ते मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रद्द केले. कलम मात्र जागेवर आहे. वाशिमच्या बँडवाल्याला ही सूट वरदानच आहे, कारण तो वाजवतो ती गाणी दुसऱ्यांची असतात आणि रॉयल्टी भरायची वेळ आली तर त्याची सुपारीच संपेल. गीतकाराला मात्र तीच सूट तोट्याची, कारण ग्रामीण महाराष्ट्रात गाणे सर्वांत जास्त वाजते ते वरातीत, आणि तिथे त्याचा वाटा शून्य. छोट्या जिल्ह्यात हे दोघे पुष्कळदा एकच असतात: डिसेंबर ते मे वरातीत वाजवणारा आणि एप्रिलच्या जयंतीसाठी गाणी बांधणारा. माझ्या मते सूट योग्यच आहे. तिच्यामुळे मांडवातला पैसा वाजवणाऱ्याच्या हाती राहतो, आणि या जिल्ह्यात तोच मुख्य पैसा आहे. रॉयल्टीचा हट्ट धरायचा तो ॲपकडे, नवरदेवाच्या बापाकडे नाही.

राहिला डीजे. बँडवाल्यांचा खरा वैरी इंटरनेट नसून भिंतीएवढ्या स्पीकरांचा ट्रॅक्टर आहे, असे म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे: दहा-बारा वादकांचे काम एक ऑपरेटर करतो. पण डीजेच्या पेन ड्राइव्हमधली गाणी इंटरनेटवरूनच येतात, तेव्हा दोन्ही वैरी एकाच घरचे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी आवाजाला मर्यादा घातली; ती जिथे काटेकोरपणे पाळली जाते तिथे डफडे, सनई, ढोल यांना थोडी जागा परत मिळते. वादकांच्या हिताचा हा नियम पर्यावरणाच्या खात्यातून आला, सांस्कृतिक खात्यातून नाही, हे नोंदवण्यासारखे.

सांस्कृतिक खात्याकडे जे आहे ते म्हातारपणासाठी. ज्येष्ठ साहित्यिक व कलाकारांसाठीची मानधन योजना 1950 च्या दशकापासून चालू आहे. 2024 मध्ये तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव मिळाले आणि पूर्वीच्या तीन श्रेणी मोडून सरसकट महिना 5,000 रुपये ठरले. वर्षाला जिल्ह्यातून शंभर जण निवडले जातात, वयाची अट पन्नास. कोरोनात मंच बंद पडले तेव्हा राज्याने कलावंतांना एकदाच 5,000 रुपयांची मदत जाहीर केली, तीही कलावंतांच्या नावांची यादी नीट नसल्याने कोणाला द्यायची हाच प्रश्न घेऊन आली. सरकारने कलावंत पोसावेत का, हा वाद जुना आहे आणि तो इथे सोडवण्याची गरज नाही. मानधनाच्या अर्जाला मात्र कलेत दीर्घकाळ काम केल्याचे पुरावे जोडावे लागतात: प्रमाणपत्रे, कात्रणे, निमंत्रणपत्रिका. लेंगी गाणाऱ्या किंवा वरातीत सनई वाजवणाऱ्या माणसाचे कात्रण कोणत्या वर्तमानपत्राने छापले असणार? लग्नपत्रिकेवर बँडचे नाव येत नाही. 5 ऑक्टोबर 2024 रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, नगाऱ्याला तिथे मानाची जागा आहे. नगारा वाजवणाऱ्याची नोंद ठेवणारी वही मात्र अजून कोणत्याच दप्तरात नाही. जाहिरातीच्या हिशेबात दोनशे रुपयेही न मिळवणारा दहा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ निवड समितीपुढे तारखेसह पुरावा ठरू शकतो, पण त्यासाठी त्याच्या वर्णनात गायकाबरोबर नगारावाल्याचे, ढोलकीवाल्याचे, कोरसच्या बायकांचे नाव आणि गावही लिहिलेले असावे लागते.